डाव्या हाताचा खटका

ज्या यंत्राला वायर नसते त्याला माणसं घाबरत नाहीत, हे बॅटरीताईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं होतं. वायर असली की माणूस शहाणा असतो. ओल्या हाताने शिवत नाही, काम झालं की प्लग काढतो, पोरांना लांब हाकलतो. तीच वस्तू बॅटरीवरची असली की तोच माणूस अक्कल गहाण टाकतो. "अहो ताई, यात करंटच कुठे आहे?" असं म्हणत पात्यात अडकलेली काडी बोटाने काढायला जातो, आणि बॅटरी आपली जागच्या जागी, भरलेली, तयार.

दुकान बागेची आणि सुतारकामाची यंत्रं भाड्याने देण्याचं आणि दुरुस्तीचं होतं. पुढे काउंटर, मागे लांब टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा, आणि दिव्याखाली ती. गवत कापायची मशीनं, ड्रिल, पानं उडवायचे ब्लोअर, हातात मावतील अशा करवती, सगळं तिच्या हाताखालून जायचं. कुणी बिघडलेलं यंत्र काउंटरवर ठेवलं की या-बसा म्हणायच्या आधी ती विचारायची, "बॅटरी काढलीत का?" बहुतेकांनी काढलेली नसायची. त्यावरून गिऱ्हाइकांनी तिला बॅटरीताई हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव आता मालकालाही चटकन आठवायचं नाही.

एकेक नग यायचे. एक फोटोग्राफर ड्रिलची सुटी बॅटरी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात घालून फिरला, खिसा जळाला, तर भांडायला दुकानात आला. एका बाईंनी गवताचं मशीन बॅटरीसकट नळाखाली धरून स्वच्छ धुतलं आणि आता ते चालत का नाही, असं विचारत राहिल्या. एक गृहस्थ फुगलेली बॅटरी टॉवेलात गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तशी छातीशी धरून घेऊन आले आणि जरा दाबून सपाट करून द्या म्हणाले. ताईने ती अलगद उचलून मागच्या अंगणातल्या वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली, आत येऊन टेबलाला टेकली. समजावून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. माणसं ऐकून घेत, मान डोलावत, आणि घरी जाऊन तेच करत.

पण गिऱ्हाईक परवडलं. ते संध्याकाळी आपल्या घरी जातं. ताईच्या डोक्यावर मिरे वाटणारा खरा माणूस तिच्याच घरात राहत होता.

तो माणूस म्हणजे तिचे सासरे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा न्हावी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं आणि अर्ध्या गावाची डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती. मग उभं राहून राहून गुडघ्यांनी संप पुकारला, दुकान बंद झालं, आणि आरसा व खुर्ची घराच्या मागच्या पडवीत आली. दोन-चार जुनी गिऱ्हाइकं तेवढी तिथे येत राहिली. त्यांतले पोस्टमनकाका सगळ्यात नेमाचे. निवृत्त झाले तरी महिना भरला की दारात हजर. अण्णा त्यांचे केस कापायचे तेव्हा गुडघे दुखतायत हे विसरायचे, सरळ उभे राहायचे, जुन्या गोष्टी सांगून दोघं हसायचे. तेवढा एक तास अण्णा पुन्हा अण्णा असायचे.

उरलेला महिना ते कापायला काहीतरी शोधत घरभर फिरायचे. सतरंजीच्या दशा सारख्या केल्या. पडद्यांचे लोंबते धागे संपवले. ताईचा नवरा बस चालवायचा, तो दुपारी पाळी संपवून घोरत पडला असताना अण्णांनी त्याची एक भुवई नीट करून ठेवली. दुसरी करायच्या आत तो जागा झाला, म्हणून काही दिवस त्याने तसंच, एक भुवई जाड आणि एक बारीक, अशा तोंडाने बस चालवली. त्यानेच हात जोडून बायकोला सांगितलं, की यांना काहीतरी उद्योग दे.

म्हणून ताईनेच तो कटर घरी आणला. कुंपण छाटायचा, लांब दातेरी पात्याचा, बॅटरीवरचा. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला न आलेला. मालकाला विचारून तिने तो घेतला, पात्याला धार लावली, बॅटरी नवी घातली. घरामागे खांद्याएवढं झुडपांचं कुंपण होतं, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. अण्णांना पुढ्यात बसवून तिने सगळं सांगितलं. पावसात चालवायचा नाही. डोळ्याला गॉगल, हाताला हातमोजे. काडी अडकली तर आधी बॅटरी काढायची, मग काडी. आणि मुख्य म्हणजे याला दोन खटके आहेत, एक मागच्या मुठीला, एक पुढच्या. दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही, आणि दोन्ही हात मुठींवर असले की एकही हात पात्याजवळ जात नाही. अण्णांनी अगदी गिऱ्हाइकासारखं ऐकलं, म्हणजे शेवटपर्यंत मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात ती कामावरून आली आणि मागच्या दारात थांबली. अर्धं कुंपण छाटून झालं होतं आणि ते इतकं सुरेख छाटलं होतं, की तिला खरोखर कौतुक वाटलं. वरची कड दोरी लावल्यासारखी, कोपरे गोल, कुठे खाच नाही. दुकानातून यंत्र नेणाऱ्या माळ्यांनाही हे जमत नसे. मग तिची नजर पायरीवर ठेवलेल्या कटरवर गेली. पुढच्या मुठीचा खटका केस कापताना गळ्याभोवती बांधायच्या कापडाच्या नाडीने करकचून आवळलेला होता.

तिने हे काय आहे असं विचारल्यावर अण्णांनी शांतपणे सांगितलं, की तो खटका सारखा दाबून धरावा लागतो, हात अडकून पडतो.

"हात अडकावा म्हणूनच तो खटका आहे, अण्णा."

"मग डाव्या हाताने धरायचं कसं?"

"काय धरायचं?"

"फांदी," अण्णा म्हणाले, आणि एवढं साधं सुनेला कळू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

ताईला उलगडा झाला. अण्णा कुंपण छाटत नव्हते, कुंपणाचे केस कापत होते. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत कोवळ्या फांद्यांची जुडी धरायची, वर ओढायची, आणि बोटांच्या वर जेवढं उरेल तेवढं उजव्या हातातल्या यंत्राने उडवायचं. जन्मभर हेच केलं होतं. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत, की कात्री कुणीही चालवतं, धरता आलं पाहिजे. बोट हेच माप. फरक एवढाच, की कात्री मन मानेल तिथे थांबते आणि हा कटर खटका सोडल्यावरही क्षणभर चालत राहतो. तो क्षणभर अण्णांच्या हिशेबातच नव्हता.

ती खूप बोलली. आवाज चढला, शेजारचा सुतार कुंपणावरून डोकावून गेला. अण्णांनी ऐकलं, नाडी सोडून घडी घालून खिशात ठेवली. दोन दिवसांनी नाडीच्या जागी चामड्याची पट्टी होती, वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या पट्ट्यातून कापलेली, आधीपेक्षा मजबूत. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून ती बॅटरी डब्यात घालून स्वतःबरोबर दुकानात न्यायला लागली. तरी कुंपण वाढत जायच्या ऐवजी छाटलंच जात होतं. चौकशी केली तर सुताराच्या ड्रिलची बॅटरी या कटरला बसत होती आणि अण्णा ती रोज मागून आणत होते. ताई सुताराला जाब विचारायला गेली. तो बिचारा रंधा हातात धरून म्हणाला, की माझी पहिली दाढी अण्णांनी केलीय, त्यांना नाही कसं म्हणू.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो मूग गिळून बसायचा. तुम्ही दोघं बघा, म्हणायचा, आणि हात भुवईवर ठेवायचा.

एका रात्री जेवताना ताईने हात टेकले. बॅटरी घरी ठेवते, म्हणाली, पण पट्टी काढायची आणि हातमोजे घालायचे, जाड, तळव्याला चामडं असलेले. एवढं तरी करा. अण्णांनी आजवर हातमोज्यांचं नाव काढू दिलं नव्हतं. मोजे घालून कुणी केस कापतं का, असं म्हणून ते तोंड फिरवायचे. त्या रात्री मात्र त्यांनी ताटातून वर न बघता बरं म्हटलं.

आणि काही दिवसांनी खरोखर त्यांच्या हातात मोजे दिसले. एका सकाळी ती कामावर निघताना दिसले. ताईचा जीव भांड्यात पडला. दुकानात तिला सांगितल्याशिवाय राहवेना. हातमोजे नको म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली, की माझे सासरे बघा, हट्टी म्हणजे किती हट्टी, तेसुद्धा आता मोज्याशिवाय यंत्राला हात लावत नाहीत. मालकानेही मान हलवून वा म्हटलं. ताई तो दिवसभर कुणावर चिडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा डाव्या हातात मोजा घालून चहा प्यायला बसले. ती म्हणाली, की आता काढा, यंत्र ठेवलंय ना. ते म्हणाले, थंडी वाजते. उजव्या हातात मोजा नव्हता. कप उजव्या हातात होता आणि डावा मांडीवर, पालथा, जरा दूर ठेवलेला. ताई यंत्रं उघडून बघणारी बाई. आत काही मोडलं असेल तर ते बाहेरून कुठे जाणवतं, हे तिला न शिकवता कळायचं. तिने मोज्याच्या शिवणीकडे पाहिलं. शिवण काळपट, कडक झाली होती.

"रंग लागलाय," अण्णा म्हणाले.

"दाखवा."

"अगं रंग आहे."

"अण्णा, हात पुढे करा."

तिने मोजा हळूहळू ओढून काढला. आतमध्ये पहिल्या दोन बोटांना कापूस, कापसावर चिकटपट्टी, आणि सगळ्यावर तुरटीची पांढरी पूड. वस्तऱ्याने कुणाचा गाल कापला की न्हावी तुरटीचा खडा फिरवतो आणि रक्त थांबतं. अण्णांनी कटरच्या जखमेवर तेच केलं होतं, आदल्या सकाळी, ती कामावर निघायच्या आत. पट्टी सोडली तेव्हा दोन्ही बोटांची टोकं सुजून फाटलेली होती. ज्या मोज्याचं कौतुक तिने भर दुकानात केलं, तो हे झाकायला होता. तिला ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने नवऱ्याला हाक मारली आणि चपला घातल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले आणि उशीर केलात म्हणाले. बोटं शाबूत आहेत, पण टोकांच्या नसा कापल्या गेल्यात, तिथे पुन्हा स्पर्श कळायला लागेल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. जखम कशी झाली, असं त्यांनी विचारलं. ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अण्णाच आधी बोलले. यंत्राचा काही दोष नाही, डॉक्टर, सून सगळं सांगते, मीच ऐकत नाही, असं ते अगदी स्पष्ट, साक्ष दिल्यासारखं म्हणाले.

परत येताना बसमध्ये मात्र तिला आवरलं नाही. जखम लपवायचं काय कारण होतं, असं तिने विचारलं. यंत्र काढून घेईन म्हणून? मी काय तुमची वैरीण आहे?

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. "यंत्र काय, नेलं असतंस तर नेलं असतंस," ते म्हणाले. "दुकानात तुझं नाव आहे. चार माणसं तुझं ऐकतात. त्यांना कळलं असतं की बॅटरीताईच्याच घरात सासऱ्याने बोटं कापून घेतली, तर उद्यापासून तुझं कोण ऐकणार?"

ताईने पर्स घट्ट धरली. या माणसाचं डोकं आपटावं की पाय धरावेत हे तिला कळेना. शेवटी तिने दोन्हींतलं काही केलं नाही. मोठं शहाणपण केलंत, एवढंच म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत रुमालाने नाक पुसत राहिली.

टाके निघाले, जखम भरली. कुंपण छाटलेलं राहिलं तेवढं राहिलं, बाकीचं सुटलं. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात तिने मालकाला आणि त्या मोजे नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःहून खरं काय ते सांगून टाकलं होतं. गंमत म्हणजे कुणी हसलं नाही. गिऱ्हाइकाने मुकाट्याने मोजे घातले.

मग महिना भरला आणि पोस्टमनकाका आले. खुर्चीवर बसलेसुद्धा. अण्णा म्हणाले, आज पाठ धरलीय, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात सर्दी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात अण्णा घरात असून बाहेर गेलेत असं ताईला सांगावं लागलं. काका मानेवर वाढलेले केस घेऊन परत गेले. ताई पडवीत आली तेव्हा अण्णा आरशासमोर उभे होते. स्वतःच्याच कानामागची बट डाव्या हाताच्या दोन बोटांत धरत होते, सोडत होते, पुन्हा धरत होते.

"धरलंय की निसटलंय, कळत नाही गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "इतकी वर्षं ही बोटं सांगायची. आता काहीच सांगत नाहीत. काकाचा कान जायचा."

ताईला पहिल्यांदा तो कटर घरी आणल्याचा मनापासून पश्चात्ताप झाला. त्या बोटांच्या जिवावर अण्णांचं सगळं होतं. पोस्टमनकाकांच्या डोक्यापुरतं तरी होतं. तेही गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हा प्रश्न तिच्या छातीवर येऊन बसला, आणि तिला जे नेहमी व्हायचं तेच झालं, म्हणजे राग आला. तिने अंबाड्याचा काटा काढला, केस मोकळे सोडले आणि जाऊन खुर्चीवर बसली.

"कापा."

"मी बायकांचे केस कापत नाही."

"मग आजपासून कापा. खांद्यापर्यंत. मशीनवर वाकलं की पुढे येतात, मला त्रास होतो."

"सूनबाई, मला कळत नाहीये, सांगतोय ना."

"बोटांना कळत नसेल तर डोळ्यांनी बघा. आम्ही बाकीचे सगळे बघूनच कामं करतो, अण्णा. आणि माझा कान गेला तर गेला."

 मागून कापड झटकल्याचा आवाज आला आणि ते तिच्या गळ्याभोवती बसलं. फणी फिरली. अण्णांनी जुडी धरली, वाकून बघितली, सोडली, परत धरली. कात्रीचा पहिला आवाज यायला फार उशीर झाला. दुसरा लवकर आला. कान आहेत का, हे ती आरशात बघत नव्हती. अण्णांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि जीभ एका गालात, शाळेतल्या पोरासारखी.

संपलं तेव्हा त्यांनी मागे होऊन बघितलं. डावी बाजू खाली होती, उजवी वर.

"वाकडं झालं."

एखादा स्क्रू अर्धा फेरा सैल असला तरी यंत्र परत पाठवणारी बाई ती. तिने आरशात पाहिलं, मान इकडून तिकडे फिरवली.

"झालंय," ती म्हणाली. "वाढतील. पुढच्या महिन्यात परत बसते."

 अण्णांनी डावी बाजू पुन्हा हातात घेतली, बोटांवर डोळे रोखले आणि आणखी थोडं कापलं. ताईने किती उरलंय ते बघायला डोकं वळवलं, तेवढ्यात त्यांचा तळवा तिच्या टाळूवर आला आणि त्यांनी डोकं होतं तिथे नेऊन बसवलं.

"हलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला," अण्णा चिडून म्हणाले. "हातात कात्री आहे, दिसत नाही का?"

ताई हलली नाही.